अफूचें सत्त्व शोधणारा उमेदवार : फ्रीड्रिख सेर्ट्युर्नर

शरीरवेदना ही मनुष्याची जन्मापासूनची सोबतीण आहे. राजा असो वा रंक, पंडित असो वा अडाणी, तिच्या तडाख्यांतून कोणीही सुटलेला नाहीं. तिजवर उतारा म्हणून मनुष्यजातीनें फार प्राचीन काळापासून ज्या वनस्पतीचा आश्रय केला, ती आमच्या वाचकांच्या घरीं निराळ्या व निरुपद्रवी रूपानें वावरत असते. दिवाळीच्या अनारशांवर जी खसखस लावितात, ती तिचेंच बीं होय. तें बीं ज्या बोंडांत धरतें, तें बोंड हिरवें असतां त्यास चीर पाडली म्हणजे पांढरा चीक पाझरतो. वाळल्यावर तो काळसर तपकिरी होतो, आणि त्यासच अफू म्हणतात. खसखशीनें पक्वान्न रुचकर होतें, अफूनें दुखणें शमतें, आणि तीच अफू अधिक झाली तर प्राण घेते. औषध कोठें संपतें आणि विष कोठें सुरू होतें, ही सीमारेषा शेंकडों वर्षें कोणासच नीट आंखतां आली नव्हती. ती आंखण्याचें साधन ज्या एका पितृहीन उमेदवारानें जगास दिलें, त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

फ्रीड्रिख विल्हेल्म आडाम सेर्ट्युर्नर याचा जन्म १९ जून १७८३ रोजीं जर्मनींतील वेस्टफालिया प्रांतांत, पाडरबोर्न शहरानजीकच्या नॉयहाउस या गांवीं झाला. त्या काळीं पाडरबोर्नचे बिशप हे धर्मगुरु असून त्या मुलखाचे राज्यकर्तेही असत. फ्रीड्रिखचे वडील त्यांच्या पदरीं मोजणी व बांधकाम या कामांवर होते. १७९८ सालीं वडिलांचें देहावसान झालें, आणि पंधरा वर्षांच्या मुलापुढें उदरनिर्वाहाचा प्रश्न उभा राहिला. पुढील वर्षीं तो पाडरबोर्न येथील क्रामर नांवाच्या दरबारी औषधविक्रेत्याच्या दुकानांत उमेदवार म्हणून राहिला. खल घोटणें, काढे उकळणें, अर्क गाळणें, तागडीनें चूर्णें तोलून पुड्या बांधणें, हा त्याचा नित्यक्रम झाला. १८०३ सालीं उमेदवारीची परीक्षा देऊन तो त्याच दुकानांत साहाय्यक म्हणून काम करूं लागला. विद्यापीठांत विद्यार्थी म्हणून बसण्याचें भाग्य त्यास कधींच लाभलें नाहीं. क्रामर यांच्या दुकानाची मागची खोली हेंच त्याचें विद्यापीठ होय.

अफूचा अर्क हें त्या काळचें थोर औषध होतें. खोकला, अतिसार, निद्रानाश, शस्त्रक्रियेनंतरची वेदना, या सर्वांवर वैद्य तो देत. परंतु त्यांत एक मोठी अडचण होती. अफू हें शुद्ध द्रव्य नव्हे. तींत नानाविध पदार्थांचें मिश्रण असतें. शिवाय एका शेतांतील अफू तीव्र, तर दुसऱ्या शेतांतील सौम्य. एका व्यापाऱ्याचा माल चोख, तर दुसऱ्याच्या मालांत भेसळ. परिणाम असा होई कीं, तितकीच मात्रा एका रोग्यास कांहींच उपयोगी पडत नसे, आणि दुसरा रोगी ती घेऊन निजला तो पुन्हां उठत नसे. उमेदवाराची तागडी कितीही खरी असली तरी तींत जें तोलावयाचें त्याचाच भरंवसा नव्हता. अफूंत दुखणें शमविणारें नेमकें द्रव्य कोणतें, व तें एकटें वेगळें काढतां येईल काय, या प्रश्नानें तरुण सेर्ट्युर्नर यांच्या मनाची पकड घेतली.

दुकानाचें काम सांभाळून मिळेल त्या फुरसतीच्या वेळीं ते प्रयोग करूं लागले. त्यांनीं अफूचा पाण्यांत अर्क काढिला व त्यांत अमोनिया मिसळला. तेव्हां भांड्याच्या तळाशीं एक सांका बसला. तो धुवून, आम्लांत विरघळवून, पुन्हां अमोनियानें खालीं बसवून त्यांनीं शुद्ध केला, आणि अखेरीस त्यांच्या हातीं वर्णहीन स्फटिक आले. ते पाण्यांत फारसे विरघळत नसत, परंतु आम्लांत सहज विरघळत. सेर्ट्युर्नर यांनीं ते कुत्र्यांस खाऊं घालून पाहिले, तों अफूची गुंगी त्यांतच आहे असें दिसून आलें. अफूंतून त्यांनीं एक आम्लही वेगळें काढिलें होतें. त्याच्या अंगीं मात्र ती गुंगी नव्हती.

या शोधांत एक गोष्ट विशेष नवलाची होती. वनस्पतींतील गुणकारी द्रव्यें आम्लधर्मीच असावयाचीं, असा त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांचा समज होता. सेर्ट्युर्नर यांचें द्रव्य तर आम्लाशीं संयोग पावून लवण बनवीत होतें, म्हणजे तें अल्कलीच्या जातीचें होतें. वनस्पतीच्या पोटीं अल्कली जन्मास येते ही कल्पनाच विद्वानांस रुचेना. सेर्ट्युर्नर यांनीं आपला शोध १८०५ व १८०६ या सालीं औषधिशास्त्राच्या एका जर्मन मासिकांत प्रसिद्ध केला. पण त्याकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. लिहिणारा तेवीस वर्षांच्या आंतला. नांवापुढें पदवी नाहीं, पाठीशीं थोर गुरूचें नांव नाहीं. अशा मुलाचें म्हणणें ऐकावयास सवड कोणास असते?

दुसरा कोणी असता तर निराश होऊन स्वस्थ बसला असता. सेर्ट्युर्नर १८०६ सालीं आइनबेक या गांवीं गेले व तेथील औषधालयांत नोकरी करूं लागले. तो नेपोलियनच्या लढायांचा काळ होता. वेस्टफालियांत त्याच्या भावाचें राज्य स्थापन झालें, व त्या राज्याच्या नव्या कायद्याचा आधार घेऊन १८०९ सालीं सेर्ट्युर्नर यांनीं आइनबेक येथें स्वतःचें औषधालय उघडलें. धंदा संभाळीत असतां त्यांनीं अफूवरील प्रयोग पुन्हां हातीं घेतले, आणि या खेपेस आपल्या द्रव्याचा गुण मनुष्यावर पाहण्याचें ठरविलें.

त्यासाठीं त्यांनीं प्रथम स्वतःचें शरीर पुढें केलें. त्यांच्याबरोबर तीन तरुण होते. त्यांत सतरा वर्षांहून मोठा कोणीही नव्हता. प्रत्येकानें अर्धा ग्रेन, म्हणजे आमच्याकडील मापानें सुमारें पाव गुंज, इतकें द्रव्य घेतलें. चेहरे लाल झाले, अंग तापल्यासारखें वाटूं लागलें. अर्ध्या तासानें पुन्हां तितकेंच घेतलें; तेव्हां मळमळ व घेरी येऊं लागली. आणखी पाव तासानें तिसरी मात्रा झाली. मग मात्र पोटांत कळा उठल्या, हातपाय गळाले, शुद्ध हरपण्याची वेळ आली, आणि सेर्ट्युर्नर यांस स्वप्नांत असल्यासारखें होऊं लागलें. प्रसंग ओळखून त्यांनीं तीव्र सिरका पिऊन उलटी केली व इतरांसही करविली. तरीही पुढें कित्येक दिवस त्या सर्वांस डोकेदुखी, अरुचि व मलावरोध यांचा त्रास होत राहिला. पाऊण तासांत प्रत्येकाच्या पोटांत सुमारें ९० मिलिग्रॅम द्रव्य गेलें होतें. आज ज्यानें हें औषध पूर्वीं कधीं घेतलेलें नाहीं अशा प्रौढ रोग्यास डॉक्टर तोंडानें देण्याची पहिली मात्रा साधारणपणें ५ ते १० मिलिग्रॅमच ठरवितात. तेव्हां ते चौघे जण मृत्यूच्या किती समीप गेले होते, हें वाचकांच्या ध्यानीं येईल. असला प्रयोग आज कायद्यानेंही होऊं देणार नाहींत, आणि अल्पवयी मुलांस त्यांत ओढणें हें आम्हांस मुळींच योग्य वाटत नाहीं. परंतु दुसऱ्यास जें द्यावयाचें तें आधीं आपण घेऊन पाहिलें, हें सेर्ट्युर्नर यांचें धैर्य नाकारतां येत नाहीं.

१८१७ सालीं हा सर्व वृत्तान्त त्यांनीं पदार्थविज्ञानाच्या एका प्रमुख जर्मन नियतकालिकांत प्रसिद्ध केला. ग्रीक पुराणांत स्वप्नांचा देव मॉर्फियस म्हणून आहे. त्याच्यावरून त्यांनीं आपल्या द्रव्यास मॉर्फियम असें नांव दिलें. पॅरिसचे सुप्रसिद्ध रसायनज्ञ गे-ल्युसॅक यांच्या वाचनांत तो लेख आला. त्यांनीं त्याचें महत्त्व तत्काळ ओळखलें, फ्रेंच भाषेंत तो प्रसिद्ध करविला, आणि त्या द्रव्यास आज जगभर रूढ असलेलें मॉर्फिन हें नांव दिलें. त्याच साली येना विद्यापीठानें सेर्ट्युर्नर यांस डॉक्टरची पदवी अर्पण केली. मग मात्र रसायनज्ञांमध्यें जणूं शर्यत लागली. दुसऱ्या वनस्पतींतही असलीं अल्कलीसारखीं सत्त्वें असलीं पाहिजेत असें जाणून जो तो शोधूं लागला. १८२० सालीं पेलेतिए व काव्हांतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं सिंकोना झाडाच्या सालींतून क्विनीन काढिलें, आणि हिंवतापावरील खात्रीचें औषध जगास मिळालें. वनस्पतींतील सत्त्वें शोधण्याच्या या मोठ्या मार्गावरील पहिला दगड पाडरबोर्नच्या उमेदवारानें रोंवला होता.

कीर्ति आली, तरी स्वास्थ्य आलें नाहीं. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर जुनें राज्य परत आलें, आणि ज्या कायद्याखालीं सेर्ट्युर्नर यांचें औषधालय चाललें होतें तो कायदाच राहिला नाहीं. प्रतिस्पर्धी औषधविक्रेत्यानें फिर्याद केली, खटला लांबला, शेवटीं दुकान गेलें. १८२० सालीं ते हॅमेलिन या गांवीं गेले. बासरी वाजवून उंदीर घालवून देणाऱ्या मनुष्याची गोष्ट आमच्या बालवाचकांस ठाऊक असेल. तें हेंच गांव. तेथें त्यांनीं नगराचें औषधालय विकत घेतलें, विवाह केला व संसार थाटला. मॉर्फिनच्या शोधाचा मान आपला, असें फ्रान्समधील कित्येक जण म्हणूं लागले होते, कारण देरोन व सेगँ या फ्रेंच गृहस्थांनींही अफूवर त्याच सुमारास प्रयोग केले होते. हा वाद पुष्कळ चालला. परंतु १८३१ सालीं पॅरिसच्या विद्वत्परिषदेनेंच सेर्ट्युर्नर यांस २,००० फ्रँकांचें माँतियों पारितोषिक दिलें, आणि वादाचा निकाल लागला. त्याच वर्षीं युरोपांत पटकीची सांथ आली असतां, हा रोग स्वतःची वाढ करणाऱ्या एका विषारी सजीव पदार्थानें होतो, असा तर्क त्यांनीं मांडिला. त्यावरही त्या वेळीं कोणी विश्वास ठेविला नाहीं. पुढें १८८४ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं कलकत्त्यास पटकीचे जंतु वेगळे काढून दाखविले. सेर्ट्युर्नर यांचीं अखेरचीं वर्षें संधिवात व खिन्नता यांत गेलीं. २० फेब्रुवारी १८४१ रोजीं हॅमेलिन येथें त्यांचा अंत झाला, आणि आइनबेक येथें त्यांस मूठमाती देण्यांत आली.

मॉर्फिन काय करितें हें सेर्ट्युर्नर यांनीं दाखविलें. तें कसें करितें, हें कोडें मात्र ते मागें ठेवून गेले. तें उलगडण्यास आणखी सुमारें १३० वर्षें लागलीं. तें नीट समजावें म्हणून आधीं वेदनेचाच मार्ग पाहूं. तापलेल्या तव्यास बोट लागलें अशी कल्पना करा. बोटांतील सूक्ष्म मज्जातंतु ती वार्ता घेऊन पाठीच्या कण्यांतील पृष्ठरज्जूपर्यंत धांवतात. तेथें पहिल्या तंतूचें काम संपून दुसऱ्याचें सुरू होतें. पहिल्याच्या टोकांतून कांहीं रासायनिक द्रव्यें बाहेर पडतात. तीं मधली बारीक फट ओलांडून दुसऱ्या पेशीस जागें करितात, आणि मग वार्ता मेंदूकडे जाते. एका हरकाऱ्यानें टपालाची थैली दुसऱ्याच्या हवालीं करावी, तसाच हा प्रकार आहे. मेंदूनें ती थैली उघडली म्हणजे मगच आपणांस दुखतें.

१९७३ सालीं अमेरिकेंत कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनीं, आणि त्याच वर्षीं एरिक सायमन व स्वीडनमधील लार्स टेरेनियस यांनींही असें सिद्ध केलें कीं, मज्जापेशींवर कांहीं विशिष्ट जागा असतात, व कुलुपांत किल्ली बसावी तसा मॉर्फिनचा रेणु त्यांत बसतो. या कुलुपांस शास्त्रज्ञ ग्राहक म्हणतात. पृष्ठरज्जूंत, जेथें थैली हातोहात जाते तेथेंच, हीं कुलुपें पुष्कळ आहेत. किल्ली फिरली म्हणजे पहिल्या तंतूच्या टोकांत कॅल्शियम शिरण्यास अटकाव होतो, व त्यामुळें वार्ता नेणारीं द्रव्यें कमी सुटतात. दुसऱ्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतें, व ती मंद होऊन सहजीं जागी होत नाहीं. मेंदूच्या मध्यभागींही हीं कुलुपें आहेत. तेथें किल्ली लागली म्हणजे वरून खालीं पृष्ठरज्जूकडे वेदनेची वार्ता दाबून टाकण्याचा हुकूम सुटतो. शिवाय मेंदूच्या ज्या भागांत सुखदुःखाची भावना उपजते, तेथेंही मॉर्फिनचा अंमल चालतो. म्हणून रोगी कित्येकदां असें सांगतो कीं, दुखणें अजून जाणवतें, परंतु त्याचा जाच राहिला नाहीं. यावरून एक गोष्ट स्पष्ट आहे. मॉर्फिन जखम बरी करीत नाहीं. तें केवळ वेदनेचा निरोप अडवितें.

आतां कोणी विचारील कीं, खसखशीच्या झाडांतील रसासाठीं मनुष्याच्या मेंदूंत कुलुपें कशाला? याचें उत्तर १९७५ सालीं मिळालें. स्कॉटलंडांतील ॲबर्डीन येथें जॉन ह्यूज व हान्स कॉस्टरलिट्झ यांनीं डुकराच्या मेंदूंतून एन्केफॅलिन नांवाचीं द्रव्यें काढिलीं. मॉर्फिनप्रमाणेंच तीं त्याच कुलुपांस लागू पडतात, आणि अशीं द्रव्यें आपलें शरीर आपण होऊनच तयार करीत असतें. रणांत घायाळ झालेल्या शिपायास कधीं कधीं जखमेची शुद्धच नसते, याचें एक कारण हेंच होय. परमेश्वरानें प्राणिमात्रास वेदना दिली, तशी तिजवरील किल्लीही त्याच्याच देहांत ठेविली; खसखशीचें झाड त्या किल्लीची नक्कल करितें, इतकेंच.

परंतु नक्कल करणाऱ्या किल्लीनें दुसरींही दारें उघडतात. तींच कुलुपें आंतड्यांत आहेत, म्हणून मॉर्फिननें मलावरोध होतो. तींच मेंदूच्या देठांत, श्वासोच्छ्वासाचें नियमन करणाऱ्या पेशींवर आहेत. म्हणून मात्रा अधिक झाली कीं श्वास मंदावत जाऊन अखेर थांबतो. वेदना शमविणारें व प्राण हरण करणारें द्रव्य एकच, कारण कुलूपही एकच. अशा वेळीं नॅलोक्सोन नांवाचें औषध उपयोगी पडतें. तें कुलुपांत बसतें पण फिरत नाहीं, आणि मॉर्फिनला बाहेर काढतें. शिवाय हें औषध फार दिवस घेतल्यास शरीर त्यास सरावतें, तितक्याच गुणासाठीं अधिक मात्रा लागूं लागते, व तें एकाएकीं बंद केलें तर हाल होतात. केवळ सुखासाठीं घेणाऱ्याचा तर पुरा नाश होतो. १८९८ सालीं एका जर्मन कारखान्यानें मॉर्फिनपासून बनविलेलें हेरॉइन खोकल्याचें औषध म्हणून बाजारांत आणिलें; त्यानें पुढें जगांत जो अनर्थ केला तो सर्वविश्रुत आहे. मुंबईच्या चाळींतून एके काळीं कामास जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांस अफूची गोळी देऊन निजवीत, आणि त्यांतलीं कांहीं मुलें दगावत, हेंही आमच्या वडीलधाऱ्या वाचकांनीं ऐकिलें असेल.

या भीतीस आणखी एक बाजू आहे, व ती आम्ही पालकांपुढें मुद्दाम ठेवितों. आपल्या देशांत मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेश येथें सरकारी परवान्यानें अफू पिकते, आणि तींतून औषधें होतात. तरीही १९८५ च्या अमली पदार्थांच्या कडक कायद्यानंतर दंडाच्या धास्तीनें पुष्कळ रुग्णालयांनीं व दुकानदारांनीं मॉर्फिन ठेवणेंच सोडून दिलें, आणि कर्करोगानें गांजलेले असंख्य रोगी औषध असूनही तळमळत मेले. २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन औषधापुरती वाट मोकळी झाली. तत्पूर्वीं, १९८६ मध्यें, मुंबईस वांद्रे येथें शांति आवेदना सदन उघडलें. असाध्य कर्करोग झालेल्यांचे अखेरचे दिवस वेदनारहित जावेत म्हणून भारतांत निघालेली ती पहिली संस्था होय, व ख्रिस्ती धर्मभगिनी तेथें रोग्यांची शुश्रूषा करितात. ज्याचा रोग बरा होण्याची आशा नाहीं, त्याची वेदना तरी दूर करणें हें आपलें कर्तव्य आहे. डॉक्टरांनीं तोलून दिलेलें मॉर्फिन अशा रोग्यास व्यसनी करील या भयानें तें नाकारणें, म्हणजे भुकेल्यास अजीर्ण होईल म्हणून अन्न न देण्यासारखें आहे.

सेर्ट्युर्नर यांच्या चरित्राचें सार आम्हांस या एका गोष्टींत दिसतें. अफूस लोक एक तर अमृत म्हणत, नाहीं तर विष म्हणत. या उमेदवारानें तिला दोन्हींपैकीं कांहींच म्हटलें नाहीं. तिच्यांतील सत्त्व वेगळें करून त्यानें तें तागडींत घातलें. ज्या वस्तूचें वजन नक्की सांगतां येतें, तिची मात्रा ठरवितां येते. आणि मात्रा ठरली म्हणजे विषाचेंही औषध होतें. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांस मोठ्या प्रयोगशाळा व मोठ्या पदव्या कदाचित् लाभणार नाहींत. सेर्ट्युर्नर यांसही त्या लाभल्या नव्हत्या. हातीं आलेलें लहानसें काम त्यांनीं चोख केलें, त्यांतील अडचण पाहून तिचें कारण शोधलें, आणि बारा वर्षें कोणी ऐकेना तरी आपलें म्हणणें सोडलें नाहीं. आज जगांतील रुग्णालयांत रात्रींच्या वेळीं जे कोणी दुखण्यांतून सुटून शांतपणें निजतात, त्यांच्या उशाशीं पाडरबोर्नच्या त्या उमेदवाराचें ऋण आहे.